बाबांची शेवटची काच

"शटरवाला दुपारी येतोय," दादा म्हणाला. टेबलावर ताटल्या मांडता मांडता, अगदी सहज, दूधवाला येतोय म्हणावं तसं.

मधलीच्या हातात पाण्याचा जग होता. तिने तो खाली ठेवला. "कुठला शटरवाला?"

"पुढच्या खिडकीसाठी. लोखंडी शटर. खाली ओढायचं, कुलूप लावायचं, विषय संपला."

"मला विचारलंस?"

"सांगतोय ना आता."

"सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं, दादा. तुझ्यासारख्या मुख्याध्यापकाला तरी हे ठाऊक असायला हवं."

धाकटा खुदकन हसला. आत्याने डोळे वटारले तेव्हा पावाच्या टोपलीत काहीतरी शोधत असल्यासारखा वाकला.

बाबांना मातीत ठेवून आठवडाही झाला नव्हता. घर मागे आणि काचेचं दुकान पुढे, मध्ये एक दार. बाबांच्या हयातीत ते दार कधी लागलं नव्हतं आणि आजही उघडंच होतं. टेबलाशी बसून दुकानाची पुढची बाजू दिसायची. जिथे भली मोठी काच असायची तिथे आता प्लायवूडचे दोन तुकडे ठोकले होते आणि त्यांच्या फटीतून थंड वारा आत येत होता. बाबा जायच्या थोडेच दिवस आधी कुणीतरी दगड मारून ती काच फोडली होती. कोण, ते कळलं नाही. चौकशीला आलेला पोलीस तरणा होता, वाईट नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं आणि जाता जाता विचारलं, "काका, तुमच्या त्या प्रार्थना जरा बंद दाराआड करता येणार नाहीत का?"

प्रार्थना म्हणजे रविवारची उपासना. समोरचं प्रार्थनागृह विकल्यापासून ती बाबांच्या दुकानात भरायची. मंडळी घटत घटत दहाबारा म्हाताऱ्यांवर आली, गळकं छप्पर कुणाला झेपेना, आणि इमारत गेली. आता तिथे कॉफीचं दुकान होतं. उरलेले म्हातारे बाबांच्या दुकानात काचा टेकवायच्या लाकडी घोड्यांमधल्या मोकळ्या जागेत बाकांवर दाटीवाटीने बसायचे आणि बेसूर, पण मनापासून गायचे. मग गल्लीतल्या काही जणांनी अर्ज दिला: रविवारची सकाळ लोकांना शांत हवी असते, धर्म ज्याने त्याने आपल्या घरात ठेवावा. त्या अर्जावर पहिली सही कॉफीवाल्याची होती.

"शटर लागलं की उपासनेचं काय?" मधलीने विचारलं.

"आत्याकडे भरवू. मागच्या खोलीत. दोन-दोन, तीन-तीन जण येतील. गाणी नकोत काही दिवस."

"माझ्याकडे?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे कशाला? मी तर म्हणते, पुन्हा तक्रार करा. वरपर्यंत जा. माझ्या बापाला भर उपासनेतून ओढून नेलं होतं, तेव्हासुद्धा त्याने दार लावून घेतलं नव्हतं. तेव्हा मारायचे, आता हसतात. मार बरा रे बाबा. निदान वळ दाखवता यायचे."

"मार बरा नव्हता, आत्या," दादा थकलेल्या आवाजात म्हणाला. "आजोबांचा डावा कान कायमचा गेला. आपण मोठे झालो ते त्यांच्या उजव्या बाजूला बसून. आपल्याला कुणी ओढून नेत नाहीये. उगाच त्यांच्या पंगतीत जाऊन बसू नये."

हे त्याचं म्हणणं खरं होतं आणि मधलीला ते खरं असल्याचा रागही आला. दादाच्या गळ्यात लहानपणापासून चांदीचा बारीक क्रूस असायचा. दफनाच्या दिवशी तो नव्हता. कुणी विचारलं नाही. दफनभूमीत प्रार्थना करतानाचा त्याचा फोटो त्याच्या शाळेतल्या पालकांमध्ये फिरला होता आणि शाळेच्या समितीने त्याला चहाला बोलावून, फार गोड शब्दांत, मुलांसमोर तटस्थ राहण्याचं महत्त्व समजावलं होतं. त्यानंतर तो शर्टाचं वरचं बटण लावूनच फिरत होता.

"आणि तुझं काय?" दादाने धाकट्याकडे मोर्चा वळवला. "सोमवारी तुझी चौकशी आहे. त्यात गल्लीतला तमाशा कानावर गेला की झालंच."

धाकटा दवाखान्यात परिचारक होता. एका मरणाला टेकलेल्या आजीने मागितली म्हणून त्याने तिचा हात धरून प्रार्थना म्हटली. आजीच्या मुलाने तक्रार केली. तेव्हापासून तो घरी होता.

"माझं काय?" तो म्हणाला. "मी आता सराईत गुन्हेगार. माझ्या नावे एक आमेन जमा आहे."

वहिनी हसली. दादा हसला नाही. "तुम्हा लोकांना सगळ्याची चेष्टा सुचते. उद्या दुसरा दगड आला आणि कुणा म्हातारीच्या डोक्यात बसला तर?"

दुकान आता मधलीच्या नावावर होतं. ती दिवसा वाचनालयात काम करायची, पण काच कापायला तीच शिकली होती. निर्णय तिचाच होता, आणि म्हणूनच सगळे तिच्याकडे न बघता बोलत होते.

"बाबांनी काच कापून ठेवलीय," ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"ज्या दिवशी गेले त्या दिवशी. कापली, कडा घासल्या, हात धुतले आणि खुर्चीत बसले. ती तशीच घोड्याला टेकून आहे, घोंगडीखाली. मी अजून उघडून पाहिली नाही. आधी ती बसवू. शटरवाला आला की त्याला चहा पाजू आणि परत पाठवू."

"बसवच, ताई," धाकटा उठलाच.

दादाही उठला, आणि हातमोजे कुठे असतात ते त्याला अजून आठवत होतं.

*

घोंगडी काढली तेव्हा काचेच्या मधोमध खडूची फुली होती. नवी काच दिसत नाही, माणूस तिच्यावर जाऊन आदळतो, म्हणून बाबा प्रत्येक काचेवर फुली मारायचे. मधलीने त्या फुलीकडे पाहायचं टाळलं. तिने आणि दादाने काच उभी धरून पुढे आणली. धाकट्याने प्लायवूड उचकटलं. भस्सकन उजेड आत आला.

त्यांनी काच चौकटीला लावली.

ती बसली नाही. वरून उंच होत होती आणि रुंदीला चांगली हातभर कमी पडत होती. मधलीने ती फिरवून पाहायला सांगितली. आडवी धरली तरी नाही. दुसरी बाजू वर केली तरी नाही. धाकट्याने मापाची पट्टी आणली, ती कुणी वापरली नाही. डोळ्यांना दिसत होतं ते मोजायचं कशाला?

"आणि ही कड बघ," दादा हळूच म्हणाला. "काटकोनात नाही. खालच्या कोपऱ्यात तिरकी गेलीय."

खरंच तिरकी होती. बाबांनी ओढलेली रेघ तिरकी! लहानपणी मधली त्यांच्याशेजारी श्वास रोखून उभी राहायची. बाबा काचेवर कापायचा हिरा टेकवायचे, एकदाच ओढायचे, काच कुरकुरायची, आणि मग नुसत्या अंगठ्याच्या दाबाने ती सांगितल्या जागी तुटायची. "रेघ एकदाच मारायची, मधले," ते म्हणायचे. "दुसऱ्यांदा मारली की काच रुसते." उभ्या आयुष्यात त्यांनी काच वाया घालवलेली तिने पाहिली नव्हती.

"वय झालं होतं," आत्या पुटपुटली आणि पदर डोळ्यांना लावला. "माझ्या भावाचं माप चुकलं. देवा!"

"मला म्हणायचं नव्हतं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, हे मधलीने मनात नोंदवलं. "पण शेवटी शेवटी त्यांना भान राहिलं नव्हतं, मधले. दुकानात उपासना चालू ठेवायचा हट्टही त्यातलाच. माणूस दमतो. आपण तो हट्ट पुढे न्यायलाच हवा असं नाही."

तिला काहीतरी ठणकावून सांगायचं होतं. पण समोर काच होती आणि चौकट होती. तिने मान खाली घातली.

"शटर लाव," ती म्हणाली.

त्यांनी काच परत घोड्याला टेकवली. वहिनीने सगळ्यांना जेवायला हाका मारल्या.

*

या घरात जेवणाआधी उपकारस्तुती व्हायची आणि तिला एक विचित्र नियम होता. आभार मानताना पहिलं नाव ज्याच्यामुळे त्रास झाला त्याचं घ्यायचं. बाकीचं, अन्न, पाणी, छप्पर, ते नंतर. हे आजोबांनी कोठडीतून सुटून आल्या दिवशी सुरू केलं. सुजलेल्या तोंडाने टेबलाशी बसले आणि ज्याने कानशिलावर मारलं त्या शिपायाचं नाव घेऊन त्यांनी आभार मानले. आजी जेवण सोडून उठून गेली होती म्हणतात. पण नियम राहिला. बाबांनीही तो पाळला, आणि मुलांनी त्याचा व्हायचा तो कचरा केला. "माझी पेन्सिल मोडली त्या दादासाठी आभार." "चहाडी केली त्या मधलीसाठी आभार." बाबा डोळे मिटलेले ठेवून गंभीरपणे आमेन म्हणायचे. नाव घेता घेता कधीतरी मनातली अढी सुटत असे. कधी सुटतही नसे. तरी नाव घ्यावं लागायचंच.

बाबा गेल्यापासून मधलीची पाळी आली की ती "पुढे" म्हणायची. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

दादाने सुरुवात केली. "शाळेच्या समितीसाठी आभार," तो घाईघाईने म्हणाला, "आणि अन्नासाठी."

"त्या आजीच्या मुलासाठी," धाकटा म्हणाला. "त्याची आई गेली. तो घाबरला होता, मी पाहिलं होतं त्याला." या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

"आत्यांसाठी," वहिनी म्हणाली, "त्यांनी रश्शात मीठ जास्त झाल्याचं मला सकाळपासून तीनदा सांगितलं."

"झालंय जास्त," आत्या म्हणाली. "आमेन." मग तिने हात जोडले आणि डोळे गच्च मिटले. "प्रभू, त्या कॉफीवाल्यासाठी तुझे आभार. त्याने आमच्याविरुद्ध अर्ज दिला. माझ्या भावाला शेवटच्या दिवसांत ताप दिला. आणि तू न्यायी आहेस, म्हणून त्याच्याही खिडकीला तडा गेलाय आणि तो महिनाभर चिकटपट्टी लावून बसलाय, त्याबद्दलही आभार."

"आत्या!" दादा डोळे न उघडता म्हणाला. "ही उपकारस्तुती आहे की शाप?"

"आभारच मानतेय मी!"

मधलीने डोळे उघडले होते.

"कुठली खिडकी?" तिने विचारलं.

"अं?"

"कॉफीवाल्याची कुठली खिडकी तडकलीय?"

"बाजूची. उंच, अरुंद. तुझ्या आजोबांनीच बसवल्या होत्या त्या. झाडाच्या मुळांनी तिकडची भिंत खचलीय, खिडकी सगळी वाकडी..."

आत्या बोलता बोलता थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

मधली उठून दुकानात गेली. मागून खुर्च्या सरकल्या. तिने घोंगडी पुन्हा बाजूला केली आणि खालच्या कोपऱ्यातल्या तिरक्या कडेवरून बोट फिरवलं. कड घासून गुळगुळीत केली होती. चुकलेली काच कुणी घासत बसत नाही. ही तिरकी रेघ बाबांनी तिरकीच मारली होती, खचलेल्या चौकटीचं माप डोक्यात धरून.

"माप चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"आपली चौकट उघडी," धाकटा हळूच म्हणाला, "आणि बाबा त्याची काच कापत बसले."

दादाने तिरक्या कडेला हात लावला. "पहिलं नाव त्याचंच," तो म्हणाला. मग त्याने हातमोजे चढवले. "धर तिकडून."

"जेवण?" आत्याने विचारलं.

"थंड होऊ दे," वहिनी म्हणाली. "तसंही खारटच आहे."

*

दोघांनी काच उभी धरून रस्ता ओलांडला. धाकटा हत्यारांची पेटी घेऊन पुढे, हात हलवून सायकली थांबवत. काचेत आभाळ हलत होतं, आणि काचेतून पलीकडे दादाचा चेहरा दिसत होता, खडूच्या फुलीने चार भागांत वाटलेला.

कॉफीच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. लोक लॅपटॉप उघडून बसले होते. जिथे व्यासपीठ होतं तिथे आता यंत्र फुसफुसत होतं. कॉफीवाला त्यांना पाहून गल्ल्यामागून बाहेर आला. चाळिशीचा, दाढीवाला, हातावर फडकं. भांडणाच्या तयारीने आला होता, पण काच दिसल्यावर गडबडला.

"मी मागवली नव्हती," तो म्हणाला.

"आमच्या वडिलांनी कापून ठेवली होती," मधली म्हणाली. "तुमच्या बाजूच्या खिडकीची."

कॉफीवाल्याने फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "ते आले होते इथे. जायच्या आदल्या दिवशी असेल. खिडकीवर हात फिरवला, चौकट चाचपली. मी म्हटलं, काका, मला तुमच्याकडून काम करून घ्यायला तोंड नाही. तर म्हणाले, तोंडाचं काय काम, काम खिडकीचं आहे."

धाकट्याला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही. त्याने पाठ फिरवून पेटीतलं सामान काढायला सुरुवात केली.

"मला वाटलं, बोलून गेले," कॉफीवाला म्हणाला. "अर्ज मला मागे घेता येणार नाही. बाकीच्यांच्याही सह्या आहेत. आणि खरं सांगायचं तर मला तुमचं ते पटतही नाही."

"पटायला हवं असं नाही," मधली म्हणाली. "जरा ते टेबल सरकवाल?"

जुनी काच काढायला वेळ लागला. आजोबांच्या हातची पुट्टी दगडासारखी झाली होती. मग मधलीने चौकट झाडली, कडेने नवी पुट्टी थापली, आणि तिने व दादाने काच उचलून आधी खालची कड टेकवली. तिरका कोपरा खचलेल्या कोपऱ्यात शिरला. वरची कड नुसती आत गेली. चहूबाजूंनी सारखी बारीक फट राहिली, बाबा ठेवायचे तेवढीच. काचेला अंग हलवायला जागा हवी, म्हणायचे.

दादाने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पुट्टीची सुरी हातात घेतली. कित्येक वर्षांत त्याने ती धरली नसेल. पहिला हात ओबडधोबड गेला. दुसरा सरळ. घामाने त्याने वरचं बटण सोडलं. गळा उघडाच होता, क्रूस नव्हता.

काम झाल्यावर बाबा कागदाच्या बोळ्याने फुली पुसायचे आणि तोंडातल्या तोंडात आभार म्हणायचे. गिऱ्हाईक कोण आहे ते बघायचे नाहीत. मधलीने बोळा उचलला, पण हात वर जाईना. ती खडूची रेघ बाबांची होती. दादाने तिच्या हातातून बोळा घेतला.

"सर?" मागच्या टेबलावरून एक बाई म्हणाली. "तुम्ही इथे?"

दादा वळला. मधलीने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं की ही कुणातरी विद्यार्थ्याची आई आहे. बाईच्या हातात फोन होता. ती कुतूहलाने पाहत होती, तिच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता.

"हो," दादा म्हणाला. "वडिलांचं काम राहिलं होतं. ते पुरं करतोय."

तो परत काचेकडे वळला. त्याने फुली पुसली, एका दमात, वरून खाली. आणि मग तोंडातल्या तोंडात नाही, तर वर्गात हजेरी घेताना काढायचा त्या आवाजात तो म्हणाला, "प्रभू, या घराच्या मालकासाठी तुझे आभार. आणि हात दिलेस त्यासाठी. आमेन."

कुणीतरी फसकन हसलं. एका पोराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पडद्यात घातली. कॉफीवाला फडक्याकडे पाहत होता.

"आमेन," धाकटा खणखणीत म्हणाला. "दोन झाले माझ्या नावे."

निघताना कॉफीवाल्याने किती झाले म्हणून विचारलं. मधलीने मान हलवली. तो दारापर्यंत आला. "उद्या सकाळी," तो अडखळला, "तुमचं असतं ना उद्या? तुमची खिडकी तर उघडी आहे. आवाज सगळा बाहेर येईल."

"येईल," मधली म्हणाली.

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "बरं," म्हणाला आणि आत गेला.

*

शटरवाला दारात उभा होता आणि आत्या त्याला चहा पाजत होती. तेवढ्या वेळात तिने त्याच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी करून घेतली होती. दादाने त्याला बाजूला घेऊन माफी मागितली. तो म्हणाला, चालायचंच, आणि दुसरा कप मागितला.

"म्हाताऱ्यांना आतल्या बाजूला बसवू," दादा टेबलाशी येत म्हणाला. "चौकटीजवळ मी बसेन. नवी काच कधी कापशील?"

"सोमवारी. तू येऊन धर."

"सोमवारी मी याच्याबरोबर चौकशीला जाणार आहे. संध्याकाळी येतो."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा जग त्याच्यापुढे सरकवला.

जेवण गार झालं होतं. वहिनीने गरम करते म्हटलं, नको म्हणाले सगळे. उघड्या चौकटीतून उजेड थेट टेबलापर्यंत येत होता. वारा होता, पण कुणी प्लायवूड परत लावायला उठलं नाही.

"मघाशी कुठे राहिलो होतो?" आत्याने विचारलं. "माझं झालं होतं. म्हणजे..." ती थांबली. "पुढे."

पाळी मधलीची होती. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि ती "पुढे" म्हणेल म्हणून वहिनीचा हात भाताच्या पातेल्याकडे गेलाही होता.

रस्त्यापलीकडे नव्या काचेवर ऊन पडलं होतं. पहिलं नाव ज्याच्यामुळे दुखलं त्याचं. मधलीला नाव शोधावं लागलं नाही.

"बाबांसाठी आभार," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि बाकीचं सगळं सावकाश, एकेक करून सांगितलं. अन्न, पाणी, छप्पर.